रुमालाआडचं नाव

भास्करा, तुझ्या नावावर बसून मी दादांची टिंगल लिहिली. माझ्याच नावावर बसलोय अशा समजुतीने. बस्स, एवढंच.

हे वाक्य मी बऱ्याच तऱ्हांनी लिहून पाहिलं. 'अनवधानाने', 'तांत्रिक अडचणीमुळे', 'वीजपुरवठा खंडित झाल्याने'. सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला, ज्यात कुणाचीच चूक नाही असं वाक्य झोपेतही लिहिता येतं. पण ते वाचून तू चष्मा कपाळावर चढवला असतास आणि विचारलं असतंस, "म्हणजे वीज मंडळाने लिहिलं काय?" म्हणून सरळ लिहिलं.

दादा कोण आणि आप्पा कोण हे मी सांगणार नाही. जव्हार-मोखाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको आणि बाहेरच्याला कळून उपयोग नाही. शिवाय मी भित्रा आहे. माझी कचेरी कोणती हेही मी लिहीत नाही. दोघंही एकाच जागेवर जिल्हा परिषदेला उभे आहेत, दोघांच्याही नावाचा कबड्डीचा चषक आहे, आणि दोघांचीही माणसं जीपमधून फिरतात, एवढं पुरे.

तू तापाने गेलास. साधा ताप म्हणून अंगावर काढलास आणि नाशिकच्या वाटेवरच संपलास. निरोप आला तेव्हा मी तुझ्याशी बोलत नव्हतो. तू मला इंटरनेटवरच्या आपल्या कबड्डीच्या कम्युनिटीतून महिन्याभरासाठी बाहेर काढलं होतंस, आणि महिना भरल्यावर तू स्वतः बोलावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी माझ्या बाजूने पाळलं. तू बोलवायला थांबला नाहीस.

तिथे माझी बंदी अजून उठलेली नाही. म्हणून हे इथे लिहितोय.

*

सुमनताईंच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, डेपोसमोर, प्लायवूडच्या आडोशाला जे दोन कॉम्प्युटर होते, तिथे तू पहिल्यांदा बसलास तो दिवस मला आठवतो. माउस उचलून हवेत धरला होतास. मी हसलो, सुमनताई हसल्या. आणि थोड्याच दिवसांत त्याच माउसने तू इंटरनेटवर 'जव्हार-मोखाडा कबड्डीप्रेमी' काढलंस. मला वाटलं होतं, आपण दोघं आणि तुझ्या आश्रमशाळेचे चार माजी विद्यार्थी, झालं. पण पोरं कुठून कुठून आली. वापीच्या कारखान्यातून, ठाण्याच्या बांधकामावरून, नाशिकच्या होस्टेलातून. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. कोण आजारी, कुणाच्या गावाने लोण दिला, दाभोशाच्या मैदानाची माती यंदा कशी. वांगणीचा एक पोरगा भिवंडीत रात्रपाळी करून सकाळी सायबर कॅफेत फक्त निकाल वाचायला जायचा. त्याने एकदा लिहिलं होतं, "सर, इथं कोणी आमच्या गावाचं नाव पण नाय ऐकलेलं. तुमच्या पानावर रोज दिसतं." ते तू मला दोनदा वाचून दाखवलंस, आणि दुसऱ्यांदा वाचताना खिडकीकडे बघत होतास.

तू मला दुसरा नियामक केलंस, म्हणजे पानावर काय राहील नि काय जाईल ते बघणारा. का केलंस, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. मला वाटलं, माझी लायकी.

मग निवडणूक जवळ आली आणि कबड्डीच्या पानावर कबड्डी कमी झाली. दादांच्या चषकाच्या खाली आप्पांची पोरं काहीबाही लिहायची, आप्पांच्या चषकाच्या खाली दादांची. कुणाची आई निघायची, कुणाची जात निघायची. आपण ते पानावरून उडवायचो. उडवलं की दुसऱ्या दिवशी आपल्यावरच: नियामक दादांचे आहेत, नियामक आप्पांचे आहेत. एकाच दिवशी दोन्ही. मी तुला माझी युक्ती सांगितली. यांचा एक उडवला की त्यांचाही एक उडवायचा, म्हणजे कुणी काही बोलायला नको. तू म्हणालास, "आणि त्या दिवशी त्यांच्यात कुणी शिवी दिलीच नसेल तर?" मी म्हणालो, कुणीतरी देतोच. तू म्हणालास, "नसेल दिली तर एखाद्या गरिबाचा निकाल उडवायचा, जोडी जमवायला?"

मी म्हणालो होतो, होय, आपला जीव मोठा की निकाल? हा वाद आपण संपवला नाही. दर शनिवारी तू आश्रमशाळेतून यायचास आणि तो पुढे सुरू व्हायचा. तुझं म्हणणं, पंचाने मैदान बघावं, प्रेक्षक बघू नयेत. माझं म्हणणं, प्रेक्षकांच्या हातात दगड असतात. अजूनही माझं म्हणणं तेच आहे, भास्करा. आता तू पलीकडून उत्तर देत नाहीस म्हणून मी जिंकलो असं होत नाही, एवढं मात्र कळतं.

तुझ्या दाभोशाचा संघ मैदानात उतरला की तू शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायचास आणि खुर्ची फिरवून मैदानाकडे पाठ करून बसायचास. अख्खं गाव तुझ्या मागे ओरडतंय आणि तू डोंगराकडे बघत चहा पितोयस. तोच माणूस कॉम्प्युटरसमोर बसल्यावर काय करणार? तू खिशातला रुमाल काढलास, निळ्या चौकड्यांचा, आणि मॉनिटरच्या डाव्या बाजूवर सोडलास. वर वजन म्हणून टाइपरायटरचा जुना रूळ ठेवलास. डाव्या बाजूला लिहिणाऱ्याचं नाव आणि फोटो दिसायचा, तेवढाच भाग झाकला गेला. "आता वाच," म्हणालास. "कोण आहे ते विसर. नियम मोडला का, एवढंच सांग."

तेव्हापासून आपण तसंच वाचायचो. उडवलं की खाली लिहायचं: काय उडवलं, कशासाठी, कुणी उडवलं. लपवाछपवी नाही. लोकांना रुमालाची गोष्ट कळली तेव्हा आप्पांच्या एकाने विचारलं, रुमाल निळाच का, त्यात दुसरा रंग नव्हता का? त्यावर दोन दिवस चर्चा चालली. तू पांढरा रुमाल आणलास. तर दादांचे म्हणाले, पांढरा म्हणजे काय ते आम्हाला कळतं. तू पुन्हा निळा लावलास.

*

आता तो दिवस.

दादांच्या चषकाची अंतिम लढत. शेवटच्या चढाईत दादांच्या गावाच्या पोराला बोनस दिला, आणि त्याचा पाय रेषेला लागलाही नव्हता. मी रेषेच्या समोर बसलो होतो, मी पाहिलं. तू त्या सामन्यात पंच नव्हतास. मी पेटलेल्या डोक्याने सुमनताईंकडे आलो. तू नुकताच उठला होतास. मोखाड्याच्या जीपवाल्याने हॉर्न मारला म्हणून चपला पायात अडकवत पळाला होतास. खुर्ची अजून गरम होती. रुमाल तसाच होता.

तिथे मी हरी नव्हतो. माझं नाव तिथे 'कबड्डीवेडा', आणि तो मीच हे लोकांना ठाऊक नव्हतं, तुला होतं. कचेरीत साहेबांनी नुसतं बघितलं तरी मला तहान लागते, पण कबड्डीवेडा म्हणून बसलो की मी वाघ असायचो. वाघाने लिहिलं: दादांच्या चषकात पंच दादांचे, गुण दादांचे, टाळ्या दादांच्या, फक्त घाम तेवढा पोरांचा. लिहिलं, वाचलं, स्वतःवरच खूश झालो, पाठवलं. नियामकाने राजकारणावर लिहायचं नाही हा नियम आपल्या दोघांनी मिळून केला होता. तो आठवला, पण पाठवल्यावर.

तेवढ्यात वीज गेली. यूपीएस थोडा वेळ कोकलला आणि मेला.

मी शीळ घालत उठलो. सुमनताई मेणबत्ती शोधत म्हणाल्या, "हरीभाऊ, सर घाईत गेले. त्यांचं बंद करायचं राहिलं होतं. तुम्ही तुमचं उघडलंत ना?"

मी माझं उघडलं नव्हतं. मी नुसता बसलो होतो. कुणाच्या नावावर बसलोय ते डाव्या बाजूला वरच दिसत होतं, आणि डाव्या बाजूवर तुझा रुमाल होता. न्याय करायला लावलेला रुमाल. जगात इतरत्र कुठे ही चूक होऊ शकली असती असं मला वाटत नाही.

त्या पानावर तुझं पूर्ण नाव होतं आणि शिट्टी तोंडात धरलेला फोटो. तू शिक्षक. आचारसंहिता लागलेली. मी सुमनताईंना विचारलं, वीज कधी येईल? त्या म्हणाल्या, आज लाइनवरच बिघाड आहे म्हणतात, सकाळी. इथे काळोख होता, पण वापीत वीज होती. ठाण्यात होती. नाशिकात होती. तिथली पोरं वाचत होती.

मी घरी जाऊन काय केलं माहीत आहे? जेवलो. भीतीने मला भूक लागते. बायको म्हणाली, आज एवढं काय? मी म्हणालो, काही नाही, कबड्डी बघून आलोय.

*

सकाळी तू पहिल्या जीपने आलास. ठाण्याच्या कुणा पोराने आश्रमशाळेजवळच्या दुकानात फोन करून तुझं अभिनंदन केलं होतं: सर, शाब्बास, कुणीतरी बोललं. तू इन्स्टिट्यूटच्या पायरीवर बसून होतास आणि मला बघून एवढंच म्हणालास, "वाक्य चांगलं होतं."

मी तुझ्या पाया पडायला वाकलो, तेवढ्यात कोपऱ्यावर दादांची जीप दिसली. आणि मी, तुझा मित्र, दुसरा नियामक, वाघ, आत पळालो आणि टायपिंगच्या परीक्षेचा पडदा असतो त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो. पडदा गुडघ्यापर्यंतच होता. हे मला नंतर कळलं.

बाळा आला. दादांचा पुतण्या, आणि तुझाच विद्यार्थी. पायाची पकड सोडवायला त्याला तू शिकवलंस. दोन माणसं बरोबर. वीज अजून आली नव्हती, त्यामुळे कुणालाच काही करता येत नव्हतं. सगळे बंद मॉनिटरसमोर बसून राहिले. त्यासारखी भीतीदायक गोष्ट मी पाहिलेली नाही. सुमनताईंनी सगळ्यांना चहा मागवला.

बाळाचं म्हणणं मला पडद्यामागून नीट ऐकू येत होतं. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच मी जास्त घाबरलो. सर, तुम्ही आमचे गुरू. पण दादांच्या लोकांनी वाचलंय. मास्तर प्रचार करतो म्हणून कुणी वर अर्ज केला तर आमच्याही हातात काही राहणार नाही. त्यापेक्षा असं करा: तुमचं ते काढा आणि आप्पांच्या सगळ्या पोरांना बाहेर काढा. विषय संपला.

तू म्हणालास, ते वाक्य जाईल, कारण ते नियमात बसत नाही. आप्पांची पोरं आहेत तिथेच राहतील.

"मग अर्जाचं मी काय सांगू?"

"अर्ज करू दे. ते मी लिहिलेलं नाही, पण खातं मी उघडं ठेवलं होतं. जे असेल ते मी बघेन."

"मग लिहिलं कोणी?"

तू म्हणालास, "कबड्डीवेडा या नावाच्या सदस्याने. चुकून माझ्या खात्यावरून. त्याला शिक्षा होईल. त्याचं खरं नाव सांगणं नियमात नाही, बाळा. शिक्षा नियमात आहे."

मी पडद्यामागे हात जोडले. तुला दिसले नसतील. आणि त्याच क्षणी सुमनताईंनी, त्या बाईच्या मनात काही वाईट नव्हतं, तिने फक्त पेले मोजले, हाक मारली: "हरीभाऊ, या की बाहेर, तुमचा चहा गार होतोय."

मी बाहेर आलो. चहा घेतला. बाळाने माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं, सुरुवात पायांपासून केली. मग हसला. "कबड्डीवेडा," म्हणाला. "बरं झालं कळलं. सरकारी माणूस. निवडणूक होऊ दे हरीभाऊ, मग बघू तुमचं. तोवर तुम्ही आणि तुमचं वाक्य माझ्या खिशात."

वीज आली. तू खुर्चीवर बसलास आणि ते वाक्य उडवलंस. खाली टाइप करायला लागलास, एका बोटाने, नेहमीसारखं. बाळा निघून गेला होता. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, भास्कर, बंदीचं राहू दे. त्याला कळलंच आहे, माझी काय शोभा व्हायची ती झाली. तू रुमाल सरळ केलास आणि म्हणालास, "आता वाच. नाव दिसत नाही. नियामकाने राजकारण लिहिलं, दुसऱ्याच्या खात्यावरून. किती दिवस?"

मी म्हणालो, मी तुझा मित्र आहे.

"रुमालाआड मित्र दिसत नाही रे."

मग तू लिहिलंस, आणि ते अजून तिथे आहे: "कालचा मजकूर माझ्या नावावर दिसला तरी तो सदस्य कबड्डीवेडा यांनी लिहिला होता. त्यांना एक महिना बंदी. खाते उघडे ठेवून मी उठलो, म्हणून महिनाभर मीही येथे माझे काही लिहिणार नाही." खाली नाव.

मी चहाचा पेला तसाच टाकून निघालो. तू मागून हाक मारलीस की नाही, आठवत नाही. मारली असेल तर मी थांबलो नाही.

*

महिना संपायच्या आत तू गेलास. म्हणजे तुझं तिथलं शेवटचं लिखाण ते. जन्मभर मुलं शिकवलीस, इतक्या सामन्यांचे निकाल लिहिलेस, आणि शेवटी राहिलं काय, तर माझी शिक्षा.

मला राग येतो, मग लाज वाटते, मग पुन्हा राग येतो. तू माझं नाव बाळापासून लपवलंस, स्वतःची नोकरी पुढे केलीस, आणि मग मला महिनाभर बाहेर ठेवलंस. दोन्ही एकाच माणसाने, एकाच सकाळी, एकाच खुर्चीवर बसून. हे मी तेव्हा एकत्र ठेवून पाहिलं नाही. मी फक्त दुसरं पाहिलं. आता दोन्ही दिसतात, आणि आभार कुठे मानायचे ते कळत नाही.

तुझ्या दहाव्याला दोन्ही पक्ष आले. ओढ्यावर एका बाजूला दादांच्या जीपा, एका बाजूला आप्पांच्या. मी मध्ये कुठेतरी एका आंब्यामागे. (या वेळी पाय दिसू नयेत याची काळजी घेतली.) आणि त्याच संध्याकाळी कबड्डीच्या पानावर तुझे दोन फोटो आले. एकावर दादांचं चिन्ह: 'दादांचे निष्ठावान सहकारी भास्कर सर यांना श्रद्धांजली.' एकावर आप्पांचं: 'अन्यायाविरुद्ध निर्भीडपणे बोलणारे आमचे भास्कर सर.' दुसऱ्यात माझं वाक्य होतं. दादांच्या चषकात पंच दादांचे, गुण दादांचे. तुझ्या फोटोखाली, तुझ्या नावाने. उडवलेलं वाक्य कुणीतरी जपून ठेवलं होतं.

खाली पोरं भांडत होती, तू कुणाचा होतास यावर. वांगणीच्या त्या पोराने भिवंडीहून लिहिलं होतं: "सर कोणाचे नव्हते. निकाल कोण टाकणार आता?" त्यावर तीन जणांनी त्याला शिव्या घातल्या होत्या.

तुझ्या बायकोची, मंदावहिनींची, डेपोवर गाठ पडली. अंगणवाडीच्या बैठकीला आल्या होत्या. म्हणाल्या, "हरीभाऊ, ते फोटो उतरवा."

मी म्हणालो, वहिनी, मला तिथे बंदी आहे.

"तुमच्या बंदीचं मला नका सांगू. काल आप्पांची माणसं आली, सरांचं वाक्य आम्ही पोस्टरवर घेतो म्हणाली. आज सकाळी दादांची आली, ते वाक्य सरांचं नव्हतं असं लिहून द्या म्हणाली. माझी अंगणवाडी हाय, पोरगी दहावीला हाय. आमच्या दारावर कुणाचाच झेंडा नको. जिवंत होते तवा नव्हता, आता पण नको."

मी म्हणालो, बघतो. कचेरीत रोज जितक्या लोकांना 'बघतो' म्हणतो त्याच सुरात. वहिनी म्हणाल्या, आत्ता बघा, मी पण येते. आणि सुमनताईंच्या पायऱ्या चढायला लागल्या.

सुमनताईंनी बोट करून दाखवलं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तुझं खातं उघडं होतं. तू पुन्हा बंद करायला विसरला होतास, भास्करा. त्यासाठी स्वतःला महिनाभराची शिक्षा करून घेतलेला माणूस तू. मशीन तुला ओळखत होतं, दर वेळी आपोआप आत घेत होतं, आणि सुमनताईंना ते बंद करवलं नव्हतं. डाव्या बाजूला तुझा फोटो, शिट्टीसकट. रुमाल नव्हता. रुमाल वहिनींच्या हातात होता, डबा बांधलेला.

मी बसलो. पुन्हा तुझ्या नावावर. या वेळी बघून.

दोन्ही फोटो वाचले. नियम सोपा होता: पानावर कुठल्याही पक्षाचं चिन्ह नको. रुमालाची गरजच नव्हती. पण दादांच्या फोटोवर माउसचा बाण नेला आणि बाळाचा खिसा आठवला. मनात आलं, आधी आप्पांचा उडवावा, दादांचा उद्या. मग मनात आलं, दोन्ही तुझ्याच नावाने उडवावेत आणि गप्प बसावं. मेलेल्या माणसावर कोण अर्ज करणार? हे मनात आलं, हे तुला सांगून टाकतो.

दोन्ही एकामागून एक उडवले. आणि क्षणभरात पानावर कल्लोळ झाला. वापीहून एकाने लिहिलं: सरांनी उडवलं. दुसरा: सर तर गेले ना? तिसरा: मी बघतोय, सरांचं नाव दिसतंय, आत्ता आहेत ते. एकाने नुसतंच लिहिलं, सर माफ करा, मी शिवी दिली होती, काढून टाकतो. मग दुसऱ्याने आपली काढली. मग तिसऱ्याने. तुझ्या हयातीत एवढी शिस्त त्या पानावर कधी नव्हती. सुमनताई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि मला मात्र घाम फुटला होता, कारण मलाही खोलीत तू आहेस असंच वाटायला लागलं होतं. चष्मा कपाळावर, आणि विचारतोयस: खाली लिहिलंस का, कुणी उडवलं?

लिहिलं. एका बोटाने, कारण बाकीची चालत नव्हती. "भास्कर सर आपल्यात नाहीत. दोन्ही छायाचित्रे पक्षचिन्ह असल्यामुळे काढली आहेत. छायाचित्राखालचे वाक्य सरांचे नव्हते, माझे होते. मीच कबड्डीवेडा. सरांच्या खात्यावरून पुन्हा लिहिल्याबद्दल माझी बंदी आणखी एक महिना वाढवत आहे." आणि खाली खरं नाव, आडनावासकट. बाळाच्या खिशात जे होतं ते मी पानावर मांडून ठेवलं. ते केल्यावर हलकं वाटतं असं लोक सांगतात. मला वाटलं नाही. मला प्रचंड भीती वाटली, आजही वाटतेय. हे छापून येईल तोवर निकाल लागलेला असेल आणि मी कुठल्या टेबलावर असेन, असेन की नाही, मला ठाऊक नाही.

पानाची मालकी तुझ्या खात्यावरून सुमनताईंच्या नावावर केली. त्या नको म्हणत होत्या, मला कबड्डीतलं काही कळत नाही म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, मग बरंच आहे. त्यांनी डब्याचा रुमाल सोडला आणि सुमनताईंच्या टेबलावर ठेवला, आणि डबा तसाच उघडा काखेत घेतला.

आता एकच काम उरलं होतं. तुझं खातं बंद करणं. एकदा बंद केलं की पुन्हा उघडणार नव्हतं. पासवर्ड तुझ्याबरोबर गेला. वर उजव्या कोपऱ्यात ते बटण. आयुष्यात जी गोष्ट करायची मी एकदा विसरलो आणि एवढं सगळं झालं, तीच आता करायची होती, आणि बोट पुढे जाईना. तुझा फोटो शिट्टी वाजवायच्या बेतात होता. खाली वांगणीचा पोरगा विचारत होता, दाभोशाच्या सामन्याचा निकाल कोण टाकेल?

मी वहिनींना विचारलं. आयत्या वेळी विचारलं, कारण नंतर विचारायचं धाडस झालं नसतं. ते माझ्याबद्दल काही म्हणाले का? रागावले होते का माझ्यावर?

वहिनींनी मॉनिटरवरच्या तुझ्या फोटोकडे बघितलं.

"राग कसला. म्हणायचे, हरी भित्रा हाय म्हणून तर त्याला ठेवलाय, शूर माणूस न वाचताच उडवतो. आता ते बोट थरथरवू नका, नायतर पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या नावावर जाऊन बसाल."